मिठात ठेवलेला कान

आमच्या कुत्र्याचा विमा मी काढला तो कुऱ्हाडीच्या भीतीनं. बाकीचे लोक कशाच्या भीतीनं काढतात ते मला ठाऊक नाही. जाहिरातीत तर गादीवर लोळणारी, शाम्पूनं धुतलेली कुत्री असतात आणि त्यांच्या बाजूला हसणारी माणसं. आमचा कुत्रा लाल, गावठी, आणि अंगावर हात फिरवायचा तर व्रण नसलेली जागा शोधावी लागे असा.

बाबा वडनेरला शेती करतात, मी हिंगणघाटला शाळेत शिकवते. आई गेल्यापासून गावच्या घरात बाबा आणि तो कुत्रा असे दोघेच. त्याला नाव नव्हतं. बाबा 'यू यू' करायचे आणि तो यायचा. दोघंही तापट. मीही त्याच घरातली आहे.

कुऱ्हाडीचं आधी सांगते. या लाल कुत्र्याच्या आधी एक काळी कुत्री होती. रानडुकरं मारायला शिवारात कुणीतरी कणकेच्या गोळ्यात बारूद भरून टाकली होती. कुत्रीनं तो गोळा तोंडात धरला. खालचा जबडा उडाला, आणि ती तशीच चालत घरी आली. बाबांसमोर उभी राहून शेपटी हलवत होती. मी दिवाळीच्या सुटीत गेलेली, दारातच बसले होते. बाबांनी कवाडामागची कुऱ्हाड घेतली, तिला गुरांच्या कोठ्यामागे नेलं आणि एका घावात संपवलं. मग हापशीवर कुऱ्हाड धुतली. मला म्हणाले, "तडफडत ठेवाव का?" आजही वाटतं की ते बरोबरच होतं.

पण एकदा बरोबर ठरलेली गोष्ट बाबांच्या हाताला चिकटते. पुढे पाय मोडलेलं वासरू, सापानं डसलेली शेळी, सगळ्यांवर तोच इलाज. त्याला ते 'मोकळं करणं' म्हणायचे.

मग तूर कापणीला आली आणि तुरीत दडलेलं डुक्कर उठलं. आमच्या लाल कुत्र्यानं त्याच्या पिंढरीला दात लावले. डुकरानं मान फिरवली आणि सुळ्यानं त्याचं पोट मांडीपासून फासळीपर्यंत उघडलं. बाबांनी बाहेर आलेलं आत ढकललं, डोक्याच्या दुपट्ट्यानं पोट करकचून बांधलं आणि शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्याला मांडीत घेऊन हिंगणघाटला आणलं. मी शाळेतून धावत दवाखान्यात गेले. डॉक्टर शिवत होते, मी पुढचे पाय धरले होते. भूल नीट चढली नव्हती. त्यानं माझ्या कोपराखाली दात रुतवले आणि टाके संपेपर्यंत सोडलं नाही. मी डॉक्टरांना शिव्या दिल्या, कुत्र्याला दिल्या, बाबांनाही दिल्या. डॉक्टर मान खाली घालून शिवत राहिले.

हात धुताना ते म्हणाले, "आतडं शाबूत होतं म्हणून निभावलं. पुढच्या वेळी फाटलं तर माझ्याच्यानं होणार नाही. नागपूरला न्यावं लागेल. आता कुत्र्यांचाही विमा निघतो, बघा."

बाबा म्हणाले, "पुढच्या बारीले नागपूर-गिगपूर काई नाई. म्या मोकळा करतो त्याले."

माझ्या हातातून रक्त गळत होतं आणि मी ठरवून टाकलं. नागपूरची सोय आधीच करून ठेवली तर कुऱ्हाड उचलायला बाबांना सबब राहणार नाही. एवढाच माझा हिशोब होता.

विमा निवडणं म्हणजे काय ते मला फोन लावायला लागल्यावर कळलं. पहिल्या कंपनीतली पोरगी हिंदीत बोलत होती.

"मॅडम, ब्रीड कौन सी है?"

"गावठी."

"वो तो लिस्ट में नहीं है मॅडम."

दुसऱ्या कंपनीला गावठी चालत होता, पण पैसे तो मेला किंवा चोरीला गेला तरच. आमचा कुत्रा चोरणाऱ्याची मला आधीच कीव आली. तिसरी कंपनी ऑपरेशनचा खर्च द्यायला तयार होती, फक्त राखण, शिकार किंवा झुंज करताना जखम झालेली नको. मी विचारलं, "मग तुमच्याकडची कुत्री नोकरी कुठे करतात?" तिकडून फोन ठेवला गेला. चौथ्या कंपनीनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या जनावरानं केलेली जखम चालेल, गावठी चालेल, ऑपरेशनचे पैसे मिळतील. मेला तर काही नाही. लसीचा दाखला हवा आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो हवेत, कान, शेपटी सगळं दिसेल असे. नाव विचारलं तेव्हा एक सुचलं ते सांगून टाकलं. त्या नावानं त्याला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

बाबांना हे पटवायला मी रविवारी वडनेरला गेले. ते ज्वारीची भाकर मोडत बसले होते.

"मेल्यावर काईच नाई देत?" ते म्हणाले. "मग कायचा विमा? गाईचा विमा मेल्यावर भेटते. दुसरी कंपनी घे."

"मेल्यावर घेऊन काय करता? जिता ठेवाचा हाये त्याले!"

"जित्याचा कुठी विमा असते काय?"

मी ताट भिंतीवर फेकलं. वरण भिंतीवरून ओघळलं. चाळिशीतली मास्तरीण, पण बापासमोर माझं वय सात-आठच्या वर जात नाही. बाबांनीही पाण्याचा गडवा अंगणात भिरकावला. कुत्रा दोघांवर भुंकत राहिला आणि नंतर भिंतीवरचं वरण चाटून गेला. चौथ्या कंपनीचा विमा मी त्याच दुपारी घेतला.

बाबांनी वाद सोडला, पण गाय सोडली नव्हती. जनावरांच्या विम्यात गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारतात. गाय मेली की बिल्ल्यासकट कान कापून दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर पैसा नाही. बाबांची गाय वीज पडून मेली तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तिला हळदकुंकू लावून मायेनं पुरली, आणि विम्याचा साहेब येऊन कान मागू लागला. मग बाबांनी फुगलेली गाय स्वतःच्या हातानं उकरली. कान निघाला तो सडका, बिल्ला गळून पडलेला. पैसे तर गेलेच, पण त्या वासानं बाबा कितीतरी दिवस अन्नाजवळ बसू शकत नव्हते. तेव्हापासून विमा म्हणजे कान, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

पुढच्या रविवारी मी गेले तर बाबांच्या उजव्या पंजाला फडकं आणि कुत्र्याच्या उजव्या कानात पिवळा बिल्ला. गाई-म्हशींना मारायचा चिमटा त्यांनी कुणाकडून तरी मागून आणला होता. कुत्र्यानं त्यांचा पंजा आरपार फोडला, बाबांनी त्याच्या तोंडावर बुक्क्या घातल्या, आणि दोघांचं रक्त ओट्यावर वाळून पडलं होतं.

"काऊन केलं असं?" मी किंचाळले. "फोटो देला ना म्या!"

"फोटोले काय अर्थ हाये? फोटो त कोनाचाबी काढता येते."

मी त्यांना इंजेक्शन द्यायला ओढत नेलं. बिल्ला काढायला गेलं की कुत्रा दात दाखवायचा, म्हणून तो तसाच राहिला. मला वाटलं, राहू दे, एक मूर्खपणा झाला आणि संपला.

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा भर दुपारी शाळेत फोन आला.

"गेला तो," बाबा म्हणाले. "डुकरानं फाडला. कान घेतला म्या काढून. मिठात ठेवला हाये, सडनार नाई. कंपनीले फोन लाव."

मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर रडले. मग त्याच दमात ओरडले, "कान काऊन कापला, बाबा? कान कोनी मांगतला तुमाले?"

"बिल्ला नाई दाखोला त देते का ते?" ते म्हणाले.

स्कुटी हायवेवर किती जोरात हाणली ते विचारू नका. वडनेरच्या घरी ओट्यावर स्टीलचा डबा होता. मी झाकण उघडलं. जाड्या मिठात लाल केसांचा कान, कडेला ओलं गुलाबी मीठ, आणि बिल्ला वर दिसेल असा ठेवलेला. बाबा फावडं आणि कुऱ्हाड घेऊन उभे होते. खड्डा बाभळीखाली घ्यायचा होता, मुळ्या तोडायला कुऱ्हाड. त्यांचा सदरा रक्तानं ताठ झाला होता. मी म्हटलं, "चला. मले पाहू द्या त्याले."

तो शेताच्या धुऱ्याला, बांधावर पडला होता, पोट उघडं, डोक्याची उजवी बाजू काळीभोर. माश्या बसल्या होत्या. मी जवळ गेले आणि माश्या एकदम उठल्या. मी तर हातही हलवला नव्हता. हलली होती ती त्याची कातडी. मग डोळा उघडला. त्यानं बाबांकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक ढेकळावर एकदा आपटलं.

बाबांनी फावडं टाकलं आणि कुऱ्हाड दोन्ही हातांत घेतली.

"हट, बाई. बाजूले हो."

मी दांडा धरला. ते माझे वडील, सत्तरीच्या पुढचे, पण जन्मभर कुऱ्हाड चालवलेले हात. त्यांनी मला झटकलं, मी हरभऱ्यात पडले, उठून पुन्हा दांडा धरला. पातं माझ्या खांद्याला लागून गेलं. मी त्यांच्या छातीवर डोकं हाणलं. बापलेक धुऱ्यावर असे झोंबत होतो, की बाजूच्या शेतातली माणसं काम सोडून पाहत उभी राहिली.

"जित्याचा विमा हाये हा, बाबा! जित्याचा! आतडं फाटलं तरी नागपूरले नेता येते!"

"माहित हाये मले!" ते ओरडले. "पन कान कापला म्या त्याचा! नाकाले हात लावून पाह्यलं, श्वास नाई लागला मले. जित्याचा कान कापला म्या! आता तो मले पाहून राह्यला!"

तेव्हा मला कळलं, ही कुऱ्हाड कुत्र्याच्या वेदनेसाठी नव्हती. त्याचं पाहणं बाबांना सोसत नव्हतं. मला त्यांची दया आली नाही, तेव्हा तरी नाही. मी वाकून त्यांच्या पंजाला चावले, कुत्र्यानं फोडलेल्या त्याच जागी, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. कुऱ्हाड पडली. मी ती उचलून कापलेल्या तुरीच्या फणकाटांच्या ढिगात लांब फेकली.

बाबा मटकन खाली बसले. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, आणि मागच्या वेळेसारखंच त्याचं पोट बांधायला घेतलं. गाठ पक्की बसली. मालवाहू ऑटोत हिंगणघाट, तिथे सलाईन, तिथून नागपूर. सगळ्या वाटेनं बाबांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि कापलेल्या बाजूवर तळहात ठेवला होता. नागपूरच्या डॉक्टरनं आतड्याचा तुकडा काढून टाकला. कुत्रा वाचला, आणि टाके सुकेपर्यंत हिंगणघाटला माझ्याकडे राहिला.

मी बिलं आणि नवे फोटो पाठवले, मग कंपनीतल्या पोरीचा फोन. "मॅडम, फोटो में दोनों कान हैं. ये डॉग तो दूसरा लग रहा है." मी तिला काय सांगणार? शेवटी बाबाच डबा घेऊन एसटीनं हिंगणघाटला आले. डॉक्टरांनी सुकून चामडं झालेला कान कुत्र्याच्या डोक्याला लावून धरला, कडा जुळतात का ते बघितलं आणि मी फोटो काढला. आपण असा दाखला कधी लिहिला नव्हता, असं म्हणत त्यांनी सही केली. कंपनीनं कापून-कुपून पैसे दिले. बाबा एवढंच म्हणाले, "लागला ना कान?" मला हसू आलं आणि त्यांच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

कुत्र्याला ऑटोनं वडनेरला सोडायला मी गेले. तो खाली उतरला, बाबांनी 'यू यू' केलं, आणि तो ऑटोच्या चाकामागे जाऊन उभा राहिला. बाबांनी पुन्हा हाक मारली नाही. आत गेले आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आले. तुरीच्या फणकाटांतून त्यांनी ती कधीतरी शोधून आणली होती, पातं पोत्यात गुंडाळलेलं. माझ्या पायाशी ठेवली.

"हे तुह्या घरी ने."

"अन् लाकडं कायनं फोडान?"

"मांगतो शेजाऱ्याची. दिवसापुरती."

कुऱ्हाड आता माझ्या घरी आहे, धुण्याच्या मशीनमागे. कुत्रा अजून बाबांना उजव्या बाजूनं जवळ येऊ देत नाही. बाबा डावीकडून जातात, आणि आधी बोलतात, "मी हावो." विमा दरवर्षी मी भरते. शिवारात डुकरं आहेतच. मधे एकदा त्याची मांडी पुन्हा फाटली. बाबांचा फोन आला, "डॉक्टरले सांगून ठेव, निंगलो आमी." मागून कुत्र्याचं विव्हळणं आणि ऑटोचा आवाज येत होता. मी चपला घालतच होते.

"बाई," ते म्हणाले, "कुऱ्हाड हाये ना तुह्याच घरी?"

"हाये, बाबा."

"बरं हाये," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.