दर रविवारी एक रेघ

कोल्हापुरात रविवारची सकाळ मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत जाते. त्या वर्षी रांगेआधी अजून एक काम वाढलं. लेकीच्या नाकात काडी घालायची, ती नळीतल्या पाण्यात फिरवायची, थेंब पट्टीवर सोडायचे आणि एकच रेघ उमटली की तिचा फोटो साऱ्या वर्गाला दाखवायचा. मग मटण.

शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. लेक दुसरीत होती, म्हणजे कागदावर. पहिली तिनं आमच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीनं, मोबाईलवर उरकली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना एवढंच सांगितलं होतं, "ताप, खोकला असेल तर मुलाला घरी ठेवा." इतकं साधं बोलणं कुणालाच पटलं नाही. इतक्या सोप्या उपायानं भागत असतं, तर आम्ही एवढे दिवस कोथिंबीर साबणाच्या पाण्यात कशाला बुडवली असती?

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. बायको बँकेत काउंटरला बसते, तिला दिवसा फोन बघता येत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, म्हणजे घरात सर्वांत रिकामा मीच, यावर आमच्याकडं एकमत आहे. त्यामुळं आयांच्या त्या ग्रुपात बाप असा मी एकटाच. ग्रुपच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांचा मुलगा लेकीच्याच बाकावर बसायचा. त्यांना कुणी प्रमुख नेमलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण राज्यशास्त्रात असे प्रकार वाचलेले असल्यानं नवल वाटलं नाही.

त्यांनी एका सकाळी ठराव टाकला. प्रत्येक पालकानं दर रविवारी मुलाची घरी कोविड टेस्ट करायची आणि दुपारच्या आत फोटो ग्रुपवर टाकायचा. "आपल्या लेकरांसाठी एवढं तर करू शकतो." खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी लिहिलं, "ताप नाही, सर्दी नाही, अशा मुलाच्या नाकात दर आठवड्याला काडी घालायची गरज आहे का? आजारी पडलं की करू."

बाईंनी उत्तर दिलं, "सर, तुम्हाला तुमच्या मुलीपेक्षा स्वतःचा त्रास महत्त्वाचा वाटत असेल तर प्रश्नच मिटला." त्यालाही अंगठे आले. मग माझाही एक गेला. वर्गात मी वर्षानुवर्षं लोकशाहीतल्या विरोधी आवाजाचं महत्त्व शिकवतो, विद्यार्थी लिहून घेतात.

पहिल्या रविवारी लेक पलंगाखाली गेली. माझी आई पलंगावर बसली. ती मूळची मुरगूडची, साखरेची पेशंट, आणि नातीच्या बाबतीत स्वतःला उच्च न्यायालय समजणारी.

"पोरगीला काय झालंय?" तिनं विचारलं.

"काय नाही झालं."

"मग काय बघतोयस?"

"काय झालं नाही, हेच बघतोय."

"डोळं हाईत की तुला. त्यानं दिसत न्हाई व्हय?"

बायकोनं लेकीला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, हात धरले. मी डोकं धरायचं की काडी, या पेचात होतो. माहितीपत्रकातल्या चित्रातलं मूल हसत होतं. ते मूल बहुधा मतिमंद असावं, असं मला वाटलं, मग वाटलं की नाही, त्याचा बाप नीट करत असेल. माझी काडी आत गेली तशी लेक किंचाळली, आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू कठड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. एक रेघ आली. मी फोटो टाकला. प्रमुख बाईंनी फूल पाठवलं.

पुढं ते अंगवळणी पडलं. आमच्या, तिच्या नव्हे. शनिवारी संध्याकाळपासून ती गप्प व्हायला लागली. मी रुमाल काढला की तिचे दोन्ही हात नाकावर. एकदा गृहपाठ करताना तिला शिंक आली, तर ती उठून मोरीत गेली, दार लावून शिंकली, आणि परत येऊन म्हणाली, "पाय धुवाय गेलतो." पाय कोरडे होते. आरोग्याच्या नावाखाली आम्ही घरात एक गुन्हेगार तयार करत आणला होता. मी हे बायकोला बोललो. ती म्हणाली, "मग ग्रुपवर लिहा की." मी लिहिलं नाही, कारण मागच्या वेळी लिहिल्याचा अनुभव ताजा होता.

मग एका रविवारी दोन रेघा आल्या.

लेक त्या वेळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. ताप नाही, खोकला नाही, सकाळी दोन भाकऱ्या खाल्लेल्या. दुसरं किट उघडलं. पुन्हा दोन. दुसरी रेघ फिकट होती, पण आम्ही दोघांनी चष्मे पुसून बघितली तरी जाईना.

"टाकायचा फोटो?" बायको म्हणाली.

"नियमच आहे."

"मला नियम माहिताय. टाकायचा का, ते विचारलं."

मी टाकला. वर्गातल्या बाकीच्या पोरांच्याही घरात म्हातारी माणसं होती. एरवी आमच्या फोटोवर फुलं पडायची. त्या दिवशी एकही नाही. थोड्या वेळानं एका आईनं हात जोडले. दुसरीनं विचारलं, "शुक्रवारी डबा कोणाबरोबर खाल्ला तिनं?" तिसरी म्हणाली, कोणाचंही नाव न घेता, की काही लोक मुलांना बाहेर फिरवतात. लेक तेवढ्या दिवसांत शाळा सोडली तर आमच्या कसबा बावड्याच्या बाहेर गेली नव्हती. त्यानंतर शाळेच्या रिक्षावाल्या मामांचा फोन आला.

"सर, आठवडाभर तुमच्याकडं गाडी येत न्हाई. माझं काय न्हाई बघा. बाकीच्या वहिनींचं म्हणणं हाय."

"आम्ही पाठवणारच नव्हतो, मामा."

"व्हय, पर मी सांगितलं म्हणून सांगा कुणी विचारलं तर."

आईला आम्ही वरच्या खोलीत हलवलं. ती रोज नातीला कुशीत घेऊन झोपायची, म्हणजे खरं तर हलवायला उशीरच झाला होता. गाठोडं घेऊन जिना चढताना ती म्हणाली, "पोरगी धडधाकट, मी धडधाकट, आन् घरात सुतक. शिकल्याली माणसं."

दुपारी प्रमुख बाईंचा फोन आला. चौकशी करतील म्हणून मी तयारीत होतो.

"सर, एक विचारू का? कशाला टाकला हो फोटो?"

"तुमचाच ठराव होता."

"ठराव हाय, पण माणसानं तारतम्य ठेवावं का न्हाई? आता सगळा वर्ग बंद ठेवतील. आमच्या ह्याची परवा चित्रकलेची परीक्षा होती."

"मग काय करायचं होतं?"

"गुपचूप घरी ठेवायचं पोरीला. पोटात दुखतंय म्हणून सांगायचं. सगळी तसंच करतात."

मी म्हणालो, "पण तुम्ही तर न चुकता फोटो टाकता. दर रविवारी पहिला तुमचाच असतो."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तो माझा असतो."

"फोटो?"

"नाक. पोरगं हात लावू देत न्हाई. पहिल्यांदा केलं तर चावला मला. मग मी माझीच करते. घर तर एकच हाय की."

"म्हणजे आजपर्यंत तुमचीच तपासणी झाली."

"व्हय. आन् देवाच्या दयेनं एकदाबी काय निघालं न्हाई," त्या समाधानानं म्हणाल्या. त्यांच्या माहितीप्रमाणं आणखी तिघीचौघी तसंच करत होत्या. एकीनं सासऱ्यांना बसवलं होतं, त्यांना दुसरा उद्योग नव्हता. महाराष्ट्रातल्या कुठल्याच दुसरीच्या वर्गातल्या आया इतक्या काटेकोरपणे तपासल्या गेल्या नसतील.

यावर मी हसलो असतो. पण दोन दिवसांनी आईचा घसा धरला आणि अंग तापलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर जिना चढून आले. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, साखर बघितली, औषधं दिली, आणि सांगितलं की सकाळ-संध्याकाळ बोट तपासा, आकडा खाली आला तर एक मिनिट थांबू नका. मी त्यांना जिन्यात गाठलं. "मुलीची टेस्ट केली नसती तर?"

"तर आज्जीबाई साधा घसा म्हणून गुळण्या करत बसल्या असत्या, आणि मला चार दिवसांनी बोलावलं असतं."

"म्हणजे केली ते बरं झालं?"

"बरं झालं. पण दर आठवड्याला करायला मी सांगितलं नव्हतं. घरात म्हातारं माणूस आहे, पोराला शिंका येतायत, तेव्हा करा. तिला काही त्रास होता का आधी?"

मला मोरीतली शिंक आठवली. तिच्या शिंका कुणाला मोजता येणार होत्या? ज्या टेस्टसाठी शिंक कळायला हवी, त्याच टेस्टमुळं पोरगी शिंक लपवायला शिकली होती. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. ते घाईत होते.

आईनं मला दाराशी बोलावलं. मास्कमधून आवाज घोगरा येत होता. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती रागावल्यासारखी बोलते.

"पोरीला सांगू नगा माझं."

आम्ही सांगितलं नाही. पण घरात कुजबूज वाढली की मुलांना कळतंच. संध्याकाळी लेक जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघरात होतो, तिथून ऐकू येत होतं.

"आज्जी, तुला माझ्यामुळं झालं?"

वरून खोकला आला. मग आई म्हणाली, "तुझ्यामुळं कशाला? मी मुरगूडला लग्नाला गेलते न्हवं का. तिथं झालं."

"कधी?"

"तू शाळंत असताना. तुझ्या बापालाबी म्हाईत न्हाई, बोलला असता मला. लई माणसं हुती. मांडीला मांडी लावून जेवलो. शेजारची बाई सारखी खोकायची."

"काय होतं जेवायला?"

"मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी. जिलेबी दोन खाल्ल्या, तेबी सांगू नगस."

त्या महिन्यात आई फाटकाबाहेर पडली नव्हती. मुरगूडचं ते लग्न तिनं माझ्या मोबाईलवर बघितलं होतं, आणि मध्येच चित्र अडकलं म्हणून मला शिव्या दिल्या होत्या. मी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिथंच उभा राहिलो. साखरेच्या पेशंटनं जिलेबीसुद्धा कबूल करून टाकली होती.

आईचा ताप उतरला. आकडा एकदाच खाली आला, आम्ही गाडी काढेपर्यंत पुन्हा वर गेला. खोकला रेंगाळला. आम्हा दोघांना काहीच झालं नाही, किंवा झालं असेल तर कळलं नाही.

दरम्यान ग्रुपवर नवा ठराव आला. घडल्या प्रकारावरून धडा घेऊन आता आठवड्यातून दोनदा टेस्ट करायची. म्हणजे प्रमुख बाई स्वतःच्या नाकाला अजून त्रास द्यायला तयार होत्या. त्यागाला सीमा नसते. मी लिहिलं, "आमच्या मुलीला ताप, सर्दी, खोकला असेल तर टेस्ट करू आणि काय निघेल ते सांगू. नसेल तर करणार नाही." या वेळी एकही अंगठा आला नाही. पण सासऱ्यांना बसवणाऱ्या त्या आईनं मला खासगीत कळवलं, "बरं झालं लिहिलं सर. मामंजी कंटाळले होते." पुढच्या रविवारी दोन फोटो आले. त्याच्या पुढच्या रविवारी कुणीतरी गाजराच्या हलव्याचा टाकला.

आई खाली आली तेव्हा मला वाटलं होतं, लेक धावत जाऊन बिलगेल. ती गेली नाही. सोफ्याच्या पलीकडं उभी राहून बघत राहिली. आई पुढं झाली की ही तेवढीच मागं सरकायची, तळहात नाकावर ठेवून. लग्नाची गोष्ट तिनं कितपत खरी मानली होती, देव जाणे. बायको म्हणाली, "जा की गं आज्जीकडं." आईनं तिला हातानं गप्प केलं.

आईनं हाक मारली नाही. ती जेवायला बसली, भाकरी कुस्करली, आणि कालवणात मीठ कमी पडलंय म्हणून बायकोला ऐकवत राहिली. लेक दारातून बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग एका दुपारी, कुणी न सांगता, ती आपलं ताट उचलून आईशेजारी आली. मधे एका माणसाची जागा सोडून बसली. आईनं न बघता तिच्या ताटात तूप वाढलं. लेक जेवत जेवत थोडी सरकली.