शेपूच्या वासातली नादिया

आज इथे बंगालात, सॉल्ट लेकच्या बाजारात शेपूची जुडी हातात घेतली आणि नादिया आठवली. सोव्हिएत संघातून फुटून निघालेल्या बेलारूसची ही मुलगी बंगाली शिकायला आली होती, आमच्याकडे पेइंग गेस्ट होती. एकदा मतदानाची सुट्टी होती. आईबरोबर शेपू निवडताना ती सारखी बोटं हुंगत होती. तिच्या घराचा वास म्हणे हाच.

"काकू, मत द्यायला नाही गेलात?" तिनं मोडक्या हिंदीत विचारलं.

"आमची नावं पुण्याच्या यादीत," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "दर तीन वर्षांनी बदली. कोण नावं हलवत बसणार?"

नादियाचे हात थांबले. "आमच्या देशात, मतं मोजताना समोर उभं राहू द्या, एवढंच माझा भाऊ म्हणाला. तो तुरुंगात आहे."

आई चहा टाकायला उठली. सुट्टीचा विरस केला म्हणून मला नादियाचा रागच आला होता.

बाबा गेले. मी इथेच नोकरी धरली, घर घेतलं. उद्या मतदान आहे आणि माझं नाव अजून पुण्याच्याच यादीत आहे. मघापासून जुडी सोडतेय, पुन्हा बांधतेय. बोटांना शेपूचा वास लागलाय. शाई त्यांना कधी लागलीच नाही.