आधी अंधार करा

“आधी अंधार करा!” हे आमच्या मास्तरांचं पालुपद. गावात वीज कधी येणार म्हणून लोक झुरत होते आणि हा गृहस्थ खिडक्या लावत सुटलेला. असा एखादा तुम्हीही पाहिला असेलच.

दुसरं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. वसईतल्या एका खाजगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, ते थुंकी तपासत. ‘मास्तर’ हे नाव आम्हीच चेष्टेनं ठेवलेलं. खिडकीवरच्या काळ्या कापडाला बोराएवढं भोक होतं. त्यातून ऊन यायचं, मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून गाळून सूक्ष्मदर्शकात शिरायचं. पिवळ्या औषधानं रंगवलेले क्षयाचे जंतू त्यात चमकायचे. ढग आले की मास्तर बेकार. “आज सूर्य रजेवर, मास्तरही रजेवर!” असं मी रोग्यांना मोठ्यानं सांगायचो.

“निळा उजेड आत जातो, थोडी ताकद गमावतो आणि पिवळा होऊन बाहेर येतो,” ते समजावत. “तुमच्यासारखाच, कंपाउंडर. सकाळी टवटवीत येता, संध्याकाळी पिवळे पडून जाता.”

थुंकी पसरून तपासायच्या काचपट्ट्यांचा, म्हणजे आमच्या भाषेत काचांचा, तुटवडा होता. वापरलेल्या काचा सोड्याच्या पाण्यात उकळून घासायचं काम माझं. एकदा जवळच्या पापडी गावात मित्राच्या लग्नाचं जेवण होतं. घाईत मी काचा नुसत्या पाण्याखाली धरल्या आणि पळालो.

त्यातल्याच कोपरा तुटलेल्या एका काचेवर दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या एका मुलीची थुंकी आली. आई दारातच उभी. “मास्तर, तुमचा उजेड काय म्हनतो?”

मास्तरांना जंतू दिसले. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे मुंबईत तीनदा तपासलं, काहीच नव्हतं.

डॉक्टर भडकले. मास्तरांनी मला एकदाच विचारलं, “काचा उकळल्या होत्या ना?”

“म्हणजे काय! नेहमीसारख्या.”

“मग माझेच डोळे चुकले,” ते डॉक्टरांना म्हणाले. त्याच दुपारी त्यांना काढलं. “अंधारात बसणाऱ्याला काय दिसणार?” असं म्हणून मी हशाही मिळवला.

जंतू आधीच्या रोग्याचे होते. चूक माझी होती. एवढी दोन वाक्यं लिहायला मला म्हातारपण लागलं.

त्या दुपारी ते निघून गेल्यावर मी त्यांच्या खोलीत डोकावलो. काळं कापड तसंच होतं. भोकातून आलेला कवडसा रिकाम्या टेबलावर पडला होता. स्टोव्हवरचं काचा उकळायचं भांडं अजून गरम होतं. सोड्याच्या पाण्यात एकच काच होती, कोपरा तुटलेली.