मिठाची हाक आणि हिरवं बटण

आमच्या आबांचा बोकड त्या दिवशी विकला गेला नाही, याला जबाबदार मी बनवलेलं एक हिरवं बटण आहे.

बटण शर्टाचं नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. त्या काळी आमच्या वाडीत कॉम्प्युटर म्हणजे काय हे मला एकटीलाच माहीत होतं, आणि तेही निम्मंच. मार्गासनीपर्यंत चालत, तिथून एसटीनं नसरापूर, आणि तिथं पहिल्या मजल्यावर कदम सरांचा क्लास, असं वर्षभर केल्यावर एक दिवस सरांनी जाहीर केलं, "क्लासला शिकवायला एक मुलगी नेमायची आहे. पुण्याहून मुख्य शाखेच्या बाई येतील, तुमचे प्रोजेक्ट बघतील आणि एकीला निवडतील."

घरी आबांनीही जाहीर केलं, "ह्यात नोकरी लागली तर लागली, सुमे. न्हाईतर मुकाट्यानं शेरडांमागं जायचं."

शेरडांशी माझं वाकडं नव्हतं. पण वर्षभर एसटीच्या दांड्याला लोंबकळून शिकलेलं सगळं बोरीबाभळीला सांगत फिरायचं? जमणार नाही! नोकरी मिळवायचीच, असं मी दात-ओठ खाऊन ठरवलं.

सरांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. त्यात प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नसे. पडद्यावर चौकोन ओढायचा, त्यावर नाव टाकायचं आणि तो दाबल्यावर काय व्हावं ते यादीतून निवडायचं. अमुक पान उघड, तमुक आवाज वाजव. झालं बटण! सरांचा नियम एकच होता, "बटणावर जे लिहिलंय ते बटणानं केलंच पाहिजे. नाहीतर लोक दुसऱ्यांदा दाबत नाहीत."

मी 'आमची वाडी' नावाचा प्रोजेक्ट घेतला. 'आमचं घर', 'आमचा डोंगर', 'आमची शेती', 'आमची शेरडं', अशी बटणं. बाकीच्या मुली पडद्यावर गुलाबाची फुलं उमलवत होत्या. मी म्हटलं, आपण खराखुरा आवाज घालायचा. शेरडांचं बटण दाबलं की आबांची मिठाची हाक!

ही हाक म्हणजे आमच्या घरातली मोठी भानगड. आबा शेरडांना रोज संध्याकाळी खडेमीठ चाटवायचे, आणि त्यासाठी जिभेला गाठ मारून "ड्रुर्रर्र... येऽ येऽ येऽ" अशी एक हाक द्यायचे. ती ऐकली की शेरडू डोंगरावर असो की दुसऱ्याच्या शेतात (बहुतेकदा दुसऱ्याच्याच), जीव घेऊन घरी पळत यायचं. पण ही हाक उगाच मारायची नाही, असा आबांचा सक्त नियम. हाक मारली की मीठ द्यायचंच.

गुरांच्या दवाखान्यात काम निघालं म्हणून आबा एकदा नसरापूरला आले होते, तेव्हा मी त्यांना वर क्लासमध्ये नेलं आणि माईकसमोर बसवलं.

"ह्या बोंडात बोलू?" आबा म्हणाले.

"बोला. मिठाची हाक मारा."

"हितं कुठं शेरडं हायती?"

"नाहीत, आबा. नुसतीच मारा."

"नुसती?" आबांना ते पटेना. शेवटी लेकीसाठी त्यांनी हाक मारली. इतकी झकास, की कदम सर खुर्चीतून अर्धे उठले! मग आबांनी खिशातली मिठाची पुरचुंडी सोडली, चार खडे काढले आणि कीबोर्डपाशी ठेवले. "हाक मारली, आता मीठ द्याया पायजे," म्हणाले आणि गेले. सरांनी ते खडे उचलले आणि कीबोर्ड दोनदा पुसला.

आता माझ्या अकलेचा भाग. शेरडांचं बटण मी जीव ओतून केलं. हिरवा रंग, गोल कोपरे, खाली सावली. मग विचार केला, बाकीची बटणं पुन्हा पहिल्यापासून कोण करत बसणार? तेच कॉपी केलं, नावं बदलली, प्रत्येकाचं पान बदललं. 'बंद' लिहिलेलं बटणसुद्धा त्यातूनच काढलं. सर म्हणाले होते, "सुमन, कॉपी केलेल्या बटणाच्या पोटात जुनं काम तसंच राहतं. प्रत्येक तपास." मी तपासलं! प्रत्येक बटण बरोबर पान उघडत होतं. 'बंद'ला पानच नव्हतं, म्हणून ते तेवढं राहिलं. फक्त क्लासच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते, आणि मुका कॉम्प्युटर पोटातलं काय सांगणार?

बाई आल्या त्या नेमक्या बाजाराच्या दिवशी. सरांनी मुद्दाम तोच दिवस घेतला होता, म्हणजे चार लोकांच्या कानावर जाईल आणि प्रवेश वाढतील. त्यासाठी रफीकभाई मंडपवाल्यांकडून लाउडस्पीकरचे दोन कर्णे आणून खिडकीत रस्त्याकडं तोंड करून बांधले होते.

"सर, आवाज बारीक ठेवू का?" रफीकभाईंनी विचारलं.

"छे छे! पार हायवेपर्यंत जाऊ द्या."

आणि त्याच दिवशी आबा पैलवानाला विकायला घेऊन आले होते. पैलवान म्हणजे आमचा बोकड. विकायचा तो एकटा, पण तो एकटा टेम्पोत चढत नसे म्हणून सोबतीला चार शेळ्या आणलेल्या. हे मला ठाऊक होतं. कर्णे बांधलेत हेही ठाऊक होतं. दोन्हींची बेरीज मात्र डोक्यात झाली नाही.

माझा नंबर आला. बाई खुर्चीत, हातात पुष्पगुच्छ, मांडीवर गुणांचा कागद. मी म्हटलं, आधी घर दाखवावं. 'आमचं घर' दाबलं.

पडद्यावर घर आलं, आणि खिडकीतून अख्ख्या नसरापुरावर आबांचा आवाज घुमला, "ड्रुर्रर्र... येऽ येऽ येऽ!"

बाई म्हणाल्या, "हा घराचा आवाज आहे?"

"नाही मॅडम, चुकून झालं. डोंगर दाखवते." दाबलं. "ड्रुर्रर्र... येऽ येऽ येऽ!"

खाली रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला. रफीकभाई खिडकीतून वाकून ओरडले, "अगं सुमन, तुमचा बोकड सुटला! हिकडंच यायलाय!"

इथं कुठलीही शहाणी मुलगी थांबली असती. पण मी हट्टाला पेटले होते. वर्षभर एसटीचे धक्के काय यासाठी खाल्ले? एखादं तरी बटण नीट चालेलच! 'आमची शेती' दाबलं. हाक. शेवटी देवाचं नाव घेऊन 'बंद' दाबलं. पुन्हा हाक!

जिन्यावर खुरांचा खडखडाट झाला. आधी पैलवान, मागं आमच्या चार शेळ्या, आणि त्यांच्यामागं ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता अशी बाजारातली आठ-दहा शेरडं. (एक शेरडू पळालं की बाकीची कारण विचारत बसत नाहीत.) त्यांच्यामागून आबा आले, आणि आबांच्या हाताला चिकटून एक अनोळखी व्यापारी. बाजारात भाव ठरतो तो टॉवेलाखाली, एकमेकांची बोटं धरून. सौदा नेमका ठरायच्या बेतात असताना पैलवान पळाला, आबा त्याच्यामागं धावले आणि बोटं सोडायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. तसेच टॉवेलासकट दोघे जिना चढून आले!

पैलवानानं बाईंचा पुष्पगुच्छ दोन घासांत संपवला आणि गुणांच्या कागदाचा कोपरा तोंडात धरला.

"सोड! सोड रे!" मी कागद ओढला. निम्मा माझ्या हातात, निम्मा त्याच्या पोटात. नोकरी कुठल्या निम्म्यात होती देव जाणे. मला रडू फुटायला आलं होतं.

बाई मात्र जागेवरून हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "या बटणावर 'बंद' लिहिलंय ना?"

"हो मॅडम."

"मग बंद का होत नाही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा कडाडले, "ते ऱ्हाऊ द्या, बाई! सुमे, आदी मीठ दे त्यांना! हाक तू मारलीस न्हवं?"

"मी कुठं, आबा? तो तुमचाच आवाज आहे!"

"आवाज माजा, पण दाबलं कुनी?"

आबांनी पुरचुंडी माझ्या तळहातावर पालथी केली. मी खाली बसले आणि बारा-पंधरा शेरडांना ओळीनं मीठ चाटवलं. दोन मिनिटांत क्लास शांत झाला.

बाईंनी आबांना विचारलं, "हाक मारली आणि मीठ दिलंच नाही तर काय होतं हो?"

"मग दुसऱ्यांदा शेरडू येत न्हाई, बाई. लई ध्यानात ठिवतंय ते."

बाईंनी कदम सरांकडं पाहिलं, आणि सरांनी छताकडं. मग बाई मला म्हणाल्या, "आत्ता, माझ्यासमोर सगळी बटणं दुरुस्त करून दाखव."

एका हाताला मीठ, पायाशी पैलवान, अशा अवस्थेत मी बसले. शेरडांचं सोडून एकेका बटणाच्या पोटातला आवाज काढून टाकला, 'बंद'ला बंद करायचं काम दिलं. डाव्या बाहीनं नाक पुसलं, उजव्या हातानं माऊस हलवला, पण उठले नाही. शेवटी 'बंद' दाबलं आणि पडदा निमूट काळा झाला. पैलवान खिडकीतल्या कर्ण्याकडं बघत राहिला. त्याची निराशा मला बघवेना.

"चूक सगळेच करतात. लोकांसमोर बसून निस्तरणारी मला हवी होती," बाई म्हणाल्या आणि उरलेल्या निम्म्या कागदावर माझं नाव लिहिलं. आबांनी टॉवेल झटकला आणि त्यानंच डोळे पुसले. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय काय जमा होईल याचा भरवसा नव्हता.

व्यापाऱ्यानं मात्र सौदा मोडला. म्हणाला, "कॉम्प्युटरचं ऐकनारा बोकड मी न्हाई बा कापनार!"

पुढच्या बाजाराला आबांनी पैलवानाला पुन्हा आणलं. त्याच दिवशी माझी पहिली बॅच सुरू व्हायची होती. तीन नावं नोंदलेली. मी नवी साडी नेसून, फळ्यावर 'बटण म्हणजे काय?' असं लिहून वाट बघत उभी राहिले. तिघांपैकी एकाचाही पत्ता नव्हता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि माझा पहिला विद्यार्थी अगदी ठरल्या वेळेला आत येऊन पहिल्या बाकापाशी उभा राहिला.

मी मुकाट्यानं ड्रॉवर उघडला आणि त्याला मीठ दिलं.