नणंदेच्या पुड्या

माझी नणंद जवळच्याच बेव्हर्ली पार्क भागात राहते आणि पोटातल्या चांगल्या जंतूंच्या पुड्या विकते. विकते म्हटलेलं तिला खपत नाही. "मी लोकांना बरं करते," असं म्हणते. माझ्या नवऱ्याच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही वाढलेली निघाली आणि तिचं हे बरं करणं आमच्या इंद्रलोक वस्तीतल्या घरात शिरलं.

डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती. माझे सासरे हार्ट अटॅकनेच गेलेले, त्यामुळे गोळीच्या बाबतीत मी कडक होते. पण नणंद रविवारी येऊन सोफ्यावर मांडी ठोकून बसली.

"दादा, सगळं आतड्यांतून सुरू होतं. त्या गोळ्यांनी लिव्हर जातं. माझी पुडी ताकात घालून घे, चरबी आपोआप उतरेल."

"डॉक्टरांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"वहिनी, ते कशाला सांगतील? त्यांचं दुकान बंद होईल ना."

नवरा हसला. बहिणीसमोर तो असाच मान हलवत हसतो. त्या हसण्याचा मला लग्नापासून राग आहे.

मग तो माझ्यासमोर ताक प्यायचा. गोळी ऑफिसात घेतो म्हणायचा. मी विश्वास ठेवला.

लिफ्ट बंद होती त्या दिवशी तो भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होता. मधेच छाती धरून पायरीवर बसला. शर्ट घामाने चिंब. वॉचमनने रिक्षा आणली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "बंद केली."

अँजिओप्लास्टी झाली. नंतर डॉक्टर म्हणाले, "पुडीने पोटाला बरं वाटत असेल, माझी हरकत नाही. पण ती ह्या गोळीची जागा घेत नाही. बंद करण्याआधी मला विचारायचं होतंत."

संध्याकाळी नणंद आली. हातात डबा, डब्याखाली पुड्यांचा नवा खोका. "आता तर ह्याची जास्तच गरज आहे, वहिनी."

मी खोका तिच्या हातातून ओढला आणि कॉरिडॉरमधल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबला. "माझ्या घरात पाय ठेवायचा नाही तुम्ही."

ती रडायला लागली. बाकावरच्या अनोळखी बाईला म्हणाली, "देखा? मेरे भाई के सामने ऐसे बात करती है!" भाऊ तर आत झोपला होता.

आता तो माझ्यासमोर गोळी गिळतो. तिला फोन करायला खाली जातो. "तिचा हेतू वाईट नव्हता," एकदा म्हणाला. मी विचारलं, "आणि तुझा?" तो चपला घालून खाली गेला.

भाऊबीजेला एकटाच तिच्याकडे गेला. परतल्यावर म्हणाला, "यायला हवं होतंस. ती सारखी तुझी चौकशी करत होती."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.