जित्या पोराच्या फोटोले हार नाही

"फोटोले हार नाही घालाचा, बाप्पा!"

फुलवाल्या मावशीच्या दुकानात जिकडेतिकडे हार लटकून राहाचे अन् मधात एका सावळ्या पोराचा फोटो, बिनहाराचा. आता तुमाले वाटलं असन, तिचं लेकरू गेलं, गोष्ट रडवनारी हाय. रुमाल ठेवा खिशात. पोरगं जितं होतं, आफ्रिकेत होतं, अन् जित्याच्या फोटोले हार घालत नसतेत. म्हनून मावशी रोज एक ताजा गुलाब फ्रेमच्या कोपऱ्यात खोसे.

अकोल्यात तिच्या दुकानाले खेटून माहा मोबाइल कव्हरचा ठेला. एक दिवस एका संस्थेची पोरगी आली. गळ्यात कार्ड, हातात हा फोटो. "आई, या पीटरला दत्तक घ्या ना. तुम्ही दर महिन्याला पाठवाल त्यातच त्याची शाळा, त्याचं जेवण. तुमच्याशिवाय त्याला कोणी नाही हो."

मावशीनं हातातला हार अर्धाच ओवून खाली ठेवला. "डोये तं पाह्य रे याचे!" झालं. पीटर आमच्या लायनीत राहाले आला.

पानठेल्यावाला टोमणा मारे, "काहून व मावशी, बार्शीटाकळीतले गरिबाचे पोरं सरले काय?"

"इथल्याले देलं का त्याचा बाप रोज सलाम ठोकते. मले सलाम नाही पायजे, बाप्पा."

महिन्यातून एकदा त्या पोरीचा फोन ये. "नमस्काऽऽर आई! आपला पीटर खूप हुशार आहे हं!" तिची नक्कल मी अशी करो का मावशी पोट धरून हासे. पन फोनवर मावशीचा सवाल एकच. "जेवला काय तो?"

तिथं पोरगी दरवेळी अडखळे. "विचारून सांगते हं आई."

मंग तिवस्याचं एक लग्न आलं. स्टेजची फुलं मावशीची, माइकवर नकला कराले मी. पानी प्याले आमी दोघं नवरीच्या घरात गेलो, तं भिंतीवर पीटर! तेच डोये, तोच शर्ट.

"अगा माय! हा तं माहा पीटर!" मावशी अशी उजळली का जसा पोरगा स्टँडवर भेटला.

नवरीचा बाप हासला. "पीटर नाही बाई, सॅम्युअल. आमीच पोसून राहिलो त्याले. संस्थेची पोरगी म्हने, तुमच्याशिवाय त्याले कोनी नाही."

मावशीनं ग्लास खाली ठेवला. लग्नघर होतं. "असन बाप्पा," ती म्हने, "लेकरं सारखेच दिसतेत."

स्टेज तिनं पुरा सजवला. झेंडूची एक माळही वाकडी नाही गेली. परतताना गाडीत अकोल्यापर्यंत त्या संस्थेच्या पोरीचा नंबर लावत राहिली. बंद.

दुसऱ्या दिवसापासून फोटोले गुलाब नाही. मी म्हनलं, "काढून टाक न व मंग."

"कसा काढू? अन् गुलाब तरी कोनाच्या नावानं लावू? हाय का नाही, तेच मालूम नाही."

तिचं असं बसनं मले पाहवलं नाही. ठेल्यामांगं गेलो, नव्या सिमवरून फोन लावला. "नमस्काऽऽर आई! फोटोची थोडी अदलाबदल झाली होती हं. आपला पीटर मजेत आहे!"

फटीतून दिसून राहिलं होतं. मावशीचा हात गुलाबाच्या टोपलीत गेला.

"जेवला काय तो?"

"हो आई! आत्ताच जेवला. पोटभर!"

फोन कटला. मंग मावशीच ठेल्यामांगं येऊन उभी. गुलाब हातातच.

"लय मोठा नकल्या झाला काय रे? त्या पोरीनं एकदा तरी म्हनलं काय, जेवला म्हनून? ते एवढी खोटारडी, पन एवढं खोटं तिच्याही तोंडातून नाही निंगालं. तुह्या निंगालं! ते तं परकी होती. तू माह्या डब्यातली भाकर खाते. बोल न आता, तोंड शिवलं काय? पोटभर म्हने! पाह्यलं तू? सांग मले, जेवला काय तो?"