हाताचा भाव

आमच्या घरात पैसे मागणं म्हणजे शिवी देण्यासारखं होतं. सासरे भिक्षुकी करत. पूजा आटोपली की यजमान विचारी, "महाराज, दक्षिणा किती?" आणि सासरे खाली ताम्हनात बघत म्हणत, "यथाशक्ती." यजमानाची शक्ती नेमकी त्याच क्षणी कमी व्हायची. माझा नवरा याच घरात वाढला आणि मोटारीचा मिस्त्री झाला. अकोल्याला एका गॅरेजात सात वर्षं राहून तो इंजिन उतरवायला शिकला. पैसे मागायला तिथं कुणी शिकवलं नाही, कारण तिथं तो पगारी होता.

अमरावतीला मोर्शी रस्त्यावर आम्ही टिनाची शेड भाड्यानं घेतली तेव्हा नवे पैसे नुकते सुरू झाले होते, पण लोकांच्या तोंडी आणेच होते. गाड्या भरपूर येत. काम झालं की गिऱ्हाईक विचारी, "किती झाले, मिस्त्री?" आणि हा फडक्याला हात पुसत म्हणे, "द्या काय वाटते ते." सामानाचं बिल दुकानातून छापील यायचं, त्यात कुणी घासाघीस करत नसे. मजुरीची वेळ आली की आठ आणे पुढे यायचे. एका वकीलसाहेबांनी ब्रेक बांधून घेतले आणि नारळ दिला. मी त्याची चटणी वाटली, पण इतकी चिडले होते की त्यात मीठ घालायचं राहिलं.

अकोल्याच्या मालकानं निरोप धाडला होता: संक्रांतीपर्यंत जागा राखून ठेवतो, जमत नसेल तर परत ये. नवऱ्याला परत जायचं नव्हतं. तिथं जुने भाग घासूनपुसून नवे म्हणून बसवायला लावत, आणि त्याला ते सहन होत नसे. पण तीन महिन्यांचं शेडचं भाडं थकलं होतं. संक्रांतीपर्यंत मजुरी नीट मिळाली नाही तर शेड सोडायची, हे ठरलेलं होतं. हे मला मुळीच मान्य नव्हतं. मी कंबर कसली.

घरचं गजराचं घड्याळ शेडमधल्या फळीवर नेऊन ठेवलं आणि पाटीवर खडूनं लिहिलं, "मजुरी तासाला दोन रुपये". मीही तिथंच खुर्ची टाकून बसू लागले. भिक्षुकाची सून गॅरेजात बसते म्हणून गल्लीत बरंच बोललं गेलं. बोलणाऱ्यांपैकी एकही जण आमचं भाडं भरणार नव्हता, तेव्हा मी कान बंद केले.

घड्याळानं मात्र मला तोंडावर पाडलं. आंबिया बहाराची संत्री भरून बडनेरा स्टेशनाकडे निघालेला एक ट्रक आमच्या दारातच बंद पडला. मालक शेंदूरजनाघाटचे व्यापारी, स्वतः ट्रकमध्ये बसलेले. आगगाडी चुकली तर माल सडणार म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता. नवऱ्यानं कार्बोरेटर खोलला, पेट्रोलच्या बारीक भोकात अडकलेला कचरा फुंकून काढला आणि ट्रक सुरू करून दिला. दहा मिनिटं लागली.

व्यापाऱ्यांनी पाटी वाचली, घड्याळ बघितलं. "तासाले दोन रुपये, म्हंजे दहा मिनिटाचे पाच आणे अन् वर थोडे. बरोबर हाय ना, वैनी? मधात मिस्त्री पाणी पेले, तो टाइम मी कापून नाई राहिलो."

त्यांनी सहा आणे ठेवले आणि वर उदारपणे चार संत्री दिली. ट्रकभर माल वाचला होता आणि माझ्या पाटीनंच त्याची किंमत सहा आणे केली होती. नवरा हत्यारं आवरू लागला. मला मात्र रडू आलं, आणि राग आला तो माझाच. दोन तास चुकीच्या जागी ठोकाठोक करणारा मिस्त्री माझ्या हिशेबात चार रुपये कमावणार होता!

त्या दिवशी पाटी पुसली आणि रात्री घरी वही घेऊन नवऱ्यासमोर बसले. घड्याळाचा नाही, कामाचा भाव ठरवायचा. ब्रेक बांधणं, क्लच बदलणं, इंजिन उतरवून रिंगा घालणं, एकेक काम लिहिलं. प्रत्येकासमोर मी विचारी, साधारण हाताच्या मिस्त्रीला किती वेळ लागेल? त्यात शेडचं भाडं घातलं, रिकाम्या जाणाऱ्या दिवसांचा वाटा घातला, हत्यारांची झीज घातली. नवरा अवघडून गेला.

"पान्याचं समजलं," तो म्हणाला. "पण माह्या हाताचा भाव मी कसा लावू?"

"पाना झिजते अन् तुमचे हात झिजत नाईत का?" मी ओरडलेच.

सासरे आत जप करत होते. ते माळ हातात घेऊनच बाहेर आले. मला वाटलं, आता आपली खैर नाही. त्यांनी वही बघितली आणि मुलाला विचारलं, "संकल्प पूजेच्या आधी सोडतेत का मागून?"

"आधी."

"कोण करून राहिला, काहून करून राहिला, काय करून राहिला, सारं आधी तोंडानं बोला लागते. मंग हातात फूल घ्याचं. तू गाडी अगोदर खोलतो, अन् बोलणं मागून. मंग कोण आयकन तुह्यं?" वही माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "अन् माह्या यथाशक्तीत काय भेटलं, ते तू लहानपणापासून पाह्यलं आहे."

आयुष्यभर ज्या शब्दावर जगले, त्याबद्दल ते पहिल्यांदाच असं बोलले. मी मान वर केली नाही.

तेव्हापासून नियम झाला: भाव सांगितल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. भाव मी सांगायची. काही गिऱ्हाइकं गेली, काही राहिली. दोन महिन्यांचं भाडं फिटलं, एक उरलं.

संक्रांतीला चार दिवस होते आणि मी शेडच्या मालकाशी बोलायला बाहेर गेले होते. परत आले तर तेच संत्र्याचे व्यापारी दारात. ट्रकचं इंजिन धूर ओकत होतं, रिंगांचं काम होतं. एवढ्या एका कामात उरलेलं भाडं फिटलं असतं. मी पायरीशीच थबकले, कारण नवरा बोलत होता. बॉनेट बंद होतं.

"सामान वेगळं. मजुरी पंच्याऐंशी."

"साठ घे, महाराजाच्या पोरा. रोख देतो, आत्ता."

"पंच्याऐंशी."

व्यापारी हसले, मग हसायचे थांबले. दुसऱ्या ट्रकला दोर बांधून त्यांनी आपला ट्रक ओढून नेला. रस्ता मोकळा झाला तसा माझा सगळा धीर सुटला. ज्या बाईनं खडू हातात घेतला होता, तीच मी म्हणाले, "साठ तर साठ. घ्याले पाह्यजे होते हो. आता भाडं कसं देणार?"

नवरा माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याला असं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काहून घेऊ? चार दिवसाचं काम आहे ते, अन् मले ते येते. अकोल्याले ते काम माह्याइतकं कोणालेच येत नोयतं." त्यानं फडकं फळीवर आपटलं. "भाडं मी सायकल विकून देतो. भाव कमी होणार नाई."

सायकल त्यानं त्याच आठवड्यात विकली आणि पुढची दोन वर्षं शेडवर पायी गेला. अकोल्याला कळवायचं पत्र त्यानं एका ओळीत लिहिलं: जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. पोस्टाच्या पेटीत ते मी टाकलं.